रुग्णशय्येवरील हालचाल आणि रुधिराभिसरण

माणूस फार आजारी पडला म्हणजे आपण म्हणतों, त्यानें अंथरूण धरलें. आजार हटेना तर तो अंथरुणाला खिळला असें म्हणतों, आणि बरा झाला म्हणजे हिंडूंफिरूं लागला असें सांगतों. या सर्व शब्दप्रयोगांत एक समजूत दडलेली आहे. ती अशी कीं, आधीं आजार जातो आणि मग माणूस उठतो. उठणें हें बरें झाल्याचें चिन्ह. बरें होण्याचें साधन नव्हे. घरोघरीं वडील माणसें आजाऱ्याला सांगतात तेंही हेंच: पडून राहा, उठूं नको. साध्या तापांत किंवा पडशांत हा सल्ला वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्याचा जीव धोक्यांत आहे, ज्याच्या घशांत श्वासाची नळी आहे, ज्याचा रक्तदाब औषधाच्या थेंबांवर टिकून आहे, अशा रोग्याचे हातपाय पहिल्या दोन-तीन दिवसांतच हलविण्यास आरंभ करावा, प्रकृति स्थिरावतांच त्याला खाटेच्या कडेला बसवावें आणि जमल्यास उभें करावें, असें आज जगांतील मोठमोठ्या रुग्णालयांतील वैद्य सांगतात. हें ऐकून नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकतो. या उलट्या दिसणाऱ्या सल्ल्याचें कारण काय, तो कितपत खरा आणि त्याची मर्यादा कोठें, हें समजण्यासाठीं शाळेंत शिकलेला रुधिराभिसरणाचा धडा पुन्हां एकदां उघडला पाहिजे.

रक्त शरीरांत सतत फिरत असतें ही गोष्ट आज लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु ती सिद्ध व्हावयास १६२८ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें एक लहानसा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एक युक्तिवाद नुसत्या गुणाकाराचा आहे. हृदयाच्या एका आकुंचनाबरोबर बाहेर पडणारें रक्त कितीही थोडें धरलें, तरी त्याला ठोक्यांच्या संख्येनें गुणिलें असतां अर्ध्या तासाचें रक्त साऱ्या शरीरांतील रक्ताहून अधिक भरतें. इतकें रक्त दर अर्ध्या तासाला नवें उत्पन्न होणें अशक्य. तेव्हां तेंच तें रक्त फिरून फिरून हृदयाकडे येत असलें पाहिजे. (आज आपण जाणतों कीं, निरोगी प्रौढ माणसाचें हृदय तो स्वस्थ बसला असतां मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त पुढें ढकलतें, आणि शरीरांत एकूण रक्तही साधारण तितकेंच असतें.) गणिताचा तास कंटाळवाणा वाटणाऱ्या मुलांनीं हा गुणाकार अवश्य करून पाहावा.

हार्वेला एक गोष्ट मात्र दिसली नाहीं. रोहिण्यांतून गेलेलें रक्त नीलांमध्यें शिरतें कोठून? तो १६५७ सालीं वारला, आणि १६६१ सालीं मार्चेलो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखालीं धरून या दोहोंना जोडणाऱ्या केशवाहिन्या प्रथम पाहिल्या. या वाहिन्या केसाहूनही कितीतरी बारीक असतात. रक्तांतील तांबडी पेशी एका मिलिमीटरच्या सात-आठ सहस्रांश एवढी. पण कित्येक केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद असल्यामुळें ती अंग चोरून, दुमडून पुढें सरकते. रोहिणी आणि नीला या केवळ वाटा होत; बाजार भरतो तो केशवाहिन्यांत. प्राणवायु द्यावयाचा, अन्नरस द्यावयाचा, मळ उचलून न्यावयाचा, हा सारा व्यवहार येथेंच चालतो.

या वाहिन्यांची हालहवाल नुसत्या डोळ्यांनींही थोडीफार पाहतां येते. बोटाचें टोक दुसऱ्या हातानें दहा सेकंद घट्ट दाबून धरा. तें पांढरें पडेल. मग सोडून द्या आणि रंग परत यावयास किती वेळ लागतो तें मोजा. उबदार खोलींत बसलेल्या निरोगी माणसाचा रंग दोन-तीन सेकंदांच्या आंत परत येतो. ही परीक्षा पोरखेळ वाटेल. पण दक्षिण अमेरिकेंतील पांच देशांच्या २८ रुग्णालयांत ४२४ अत्यवस्थ रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याचा आधार हीच परीक्षा होती. अर्ध्या रोग्यांचे उपचार बोटाचा रंग पाहून ठरविले, व अर्ध्यांचे रक्तांतील लॅक्टेट नांवाचा पदार्थ वारंवार मोजून. २८ दिवसांत पहिल्या गटांत शेंकडा ३४.९ दगावले, दुसऱ्यांत शेंकडा ४३.४. हा फरक निर्विवाद म्हणावयास संख्याशास्त्राच्या दृष्टीनें किंचित् अपुरा पडला. तथापि एक बोट आणि एक घड्याळ एवढ्या साहित्याची परीक्षा प्रयोगशाळेच्या मागें राहिली नाहीं, हें कांहीं थोडें नव्हे.

आतां रक्त फिरविण्याच्या कामांत हृदयाला साह्य करणारा एक गडी पाहूं. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं पटांगणांत बराच वेळ ताठ उभा राहिलेला एखादा मुलगा एकाएकीं पांढराफटक पडून खालीं कोसळतो. प्रत्येक शाळेनें हें पाहिलेलें आहे. त्याचें हृदय निरोगी असतें. मग होतें काय? उभें राहिल्याबरोबर अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे उतरतें. पोटरीचे स्नायु हालत असले म्हणजे ते आपल्यामधील नीलांना पिळून हें रक्त वर चढवितात, आणि नीलांतील झडपा एकाच दिशेला उघडत असल्यामुळें तें पुन्हां खालीं येऊं शकत नाहीं. मुलगा अगदीं निश्चल राहिला कीं हा पंप बंद पडतो, हृदयाकडे परतणारें रक्त कमी होतें आणि मेंदूला तें पुरेनासें होतें. म्हणून व्यायामशिक्षक सांगतात कीं, उभें राहतांना पायांचीं बोटें व टाचा हलवीत राहा. आपल्या भाषेंत फिरावयास जाण्याला पाय मोकळे करणें म्हणतात, तें अक्षरशः खरें आहे.

स्नायूंचें दुसरें कार्य कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रो या शास्त्रज्ञानें उघडकीस आणलें. निजलेल्या स्नायूंतील थोड्याच केशवाहिन्यांतून रक्त वाहतें आणि स्नायु कामाला लागला कीं कितीतरी अधिक वाहिन्या खुल्या होतात, हें दाखविल्याबद्दल त्याला १९२० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या आंकड्यांत पुढें दुरुस्त्या झाल्या, पण मूळ तत्त्व टिकलें: रक्ताची वांटणी मागणीप्रमाणें होते, आणि मागणी नोंदविण्याचें मोठें साधन म्हणजे हालचाल.

एवढी तयारी झाल्यावर सेप्सिसकडे वळूं. हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ सडणें, कुजणें. पूर्वीं याला रक्त नासणें म्हणत, आणि आजही पुष्कळ लोक समजतात कीं रक्तांत जंतु शिरले म्हणजे सेप्सिस. तें तितकेंसें बरोबर नाहीं. २०१६ सालीं तज्ज्ञांनीं ठरविलेली व्याख्या अशी आहे कीं, जंतुसंसर्गाला शरीराकडून होणारा प्रतिकार बेताल होऊन त्यामुळें शरीराच्याच इंद्रियांना जीवघेणी इजा होणें, याचें नांव सेप्सिस. जंतु फुप्फुसांत असोत, मूत्रमार्गांत असोत, पोटांत असोत वा पायाच्या जखमेंत असोत. घर जळतें तें पुष्कळदां बचावासाठीं पेटविलेल्या मशालींनीं. २०१७ या एका वर्षांत जगांत सुमारें ४ कोटी ८९ लक्ष लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशीं संबंधित मृत्यु १ कोटी १० लक्ष झाले असा अंदाज आहे. म्हणजे त्या वर्षींच्या दर पांच मृत्यूंपैकीं जवळजवळ एक.

या रोगांत रक्ताचें काय होतें, हें शेतकऱ्याच्या मुलाला चटकन् समजेल. विहिरीवर मोट चालू आहे किंवा पंप चालू आहे, पाटाला पाणी आहे, आणि तरीही पलीकडचे वाफे कोरडे आहेत, असें कधीं दिसतें? पाट जागोजागीं झिरपत असेल, कांहीं सऱ्यांच्या तोंडाशीं गाळ बसला असेल, आणि दारें धरणारा माणूस जागेवर नसेल, तेव्हां. सेप्सिसमध्यें हें तिन्ही एकदम होतें. वाहिन्यांच्या आंतला, एकाच पेशीच्या जाडीचा नाजूक थर दुखावतो आणि रक्तांतील पाणी बाहेर झिरपूं लागतें. म्हणून रोग्याचें अंग सुजतें व वाहिन्यांत मात्र रक्त अपुरें पडतें. सूक्ष्म गुठळ्या होऊन कित्येक केशवाहिन्या बंद पडतात. वाहिन्या आवळण्या-सैलावण्याचा ताबा सुटतो, त्यामुळें रक्तदाब उतरतो आणि एका वाहिनींत रक्त थांबलेलें असतां शेजारच्या वाहिनींतून तें प्राणवायु न देतांच धांवत निघून जातें.

२००२ सालीं ब्रुसेल्स येथील डॅनिएल द बॅकर व त्यांचे सहकारी यांनीं रोग्याच्या जिभेखालीं एक छोटें दर्शक यंत्र धरून ह्या वाहिन्या प्रत्यक्ष पाहिल्या. सेप्सिसच्या रोग्यांत रक्त वाहत असलेल्या बारीक वाहिन्या निरोगी माणसांहून पुष्कळच कमी होत्या, आणि जे पुढें दगावले त्यांच्यांत सर्वांत कमी. २००४ सालीं त्याच मंडळींनीं आणखी एक गोष्ट दाखविली. ज्यांच्या बारीक वाहिन्या लवकर सुधारल्या ते बहुधा वांचले; ज्यांच्या सुधारल्या नाहींत त्यांपैकीं कित्येक, रक्तदाब ताळ्यावर आल्यानंतरही, एकेक इंद्रिय निकामी होत जाऊन गेले. या रोगाचें मर्म येथें आहे. पडद्यावरचा रक्तदाबाचा आंकडा पाटांतल्या पाण्याची उंची सांगतो. शेवटचा वाफा भिजला कीं नाहीं तें सांगत नाहीं.

येथें एक इशारा स्पष्ट शब्दांत दिला पाहिजे. हालचाल हा सेप्सिसवरचा पहिला उपाय नव्हे. पहिले उपाय म्हणजे जंतूंचा नाश करणारीं प्रतिजैविक औषधें त्वरेनें देणें (रक्तदाब कोसळला असेल तर तासाभराच्या आंत), पू सांठला असेल तेथून तो काढणें, शिरेंतून द्रव भरणें, आणि सरासरी रक्तदाब पाऱ्याच्या ६५ मिलिमीटरवर टिकेल इतकें नॉरअ‍ॅड्रिनलिन देणें. हें सर्व चालू असतांना पहिले कांहीं तास रोग्याला उठविण्याचा विचारही कोणी करीत नाहीं. प्रश्न येतो तो त्यानंतरच्या दिवसांचा. वादळ थोडें शमलें आहे, रोगी अजून यंत्रांना बांधलेला आहे, तो आणखी पंधरा दिवस तसाच निपचित ठेवावा काय?

पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर गृहीत धरलेलें असे. एकोणिसाव्या शतकांत विश्रांति हें सर्वश्रेष्ठ औषध मानून बाळंतिणीला, शस्त्रक्रिया झालेल्याला, हृदयविकार झालेल्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवीत. १९४७ सालीं रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या वैद्यानें अंथरुणांत पडून राहण्याचे धोके या विषयावर एक छोटासा, खोचक लेख लिहून इंद्रियानुसार हिशेब मांडला: फुप्फुसांत कफ सांचतो, पायाच्या नीलांत गुठळ्या होतात, कातडीला व्रण पडतात, हाडें चुना गमावतात, स्नायु वाळतात, मन खचतें. १९६६ सालीं अमेरिकेंत डॅलस येथें वीस वर्षांच्या पांच धडधाकट तरुणांना तीन आठवडे केवळ निजवून ठेवलें. त्यांची प्राणवायु वापरण्याची कमाल शक्ति चतुर्थांशाहूनही अधिक घटली. मौज अशी कीं, तीस वर्षांनीं त्याच पांच जणांची पुन्हां परीक्षा घेतली, तेव्हां ते पन्नाशीला आलेले होते. तरी त्यांतील एकाचीही शक्ति तरुणपणींच्या त्या तीन आठवड्यांनंतर होती तितकी खालीं गेलेली नव्हती. तीस वर्षांच्या वार्धक्याहून तीन आठवड्यांचें अंथरूण त्या बाबतींत जड ठरलें!

हे तर निरोगी तरुण. सेप्सिसच्या रोग्याच्या अंगांत शिवाय दाह पेटलेला असतो आणि शरीर आपलेच स्नायु मोडून खात असतें. २०१३ सालीं लंडनच्या अतिदक्षता विभागांतील ६३ रोग्यांच्या मांडीच्या स्नायूंचीं ध्वनिलहरींच्या साह्यानें मोजमापें घेतलीं, तेव्हां दहा दिवसांत त्या स्नायूंचा छेद सरासरी शेंकडा १७.७ इतका आटलेला आढळला. ज्यांचीं अनेक इंद्रियें बिघडलीं होतीं त्यांचा त्याहूनही अधिक. नुसते स्नायुच नव्हेत. १९८४ सालीं कॅनडांतील चार्ल्स बोल्टन यांनीं सेप्सिसनें अत्यवस्थ झालेल्या पांच रोग्यांचें वर्णन केलें. मूळ रोग हटूनही त्यांच्या हातापायांतली शक्ति गेली होती, कारण मज्जातंतूच दुखावले होते. जंतु मेले, ताप उतरला, आणि माणसाला पेला उचलवत नाहीं, अशी ही अवस्था आहे.

हालचालीनें या ठिकाणीं काय साधतें? नीलांतील रक्त हृदयाकडे परतविण्याचें काम वर सांगितलेंच. दुसरें असें कीं, वाहत्या रक्ताचें घर्षण वाहिनीच्या आंतल्या थरावर झालें म्हणजे तो थर नायट्रिक ऑक्साइड हा वायु सोडतो आणि त्यामुळें वाहिनी रुंदावते. या वायूचें हें कार्य शोधून काढल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्यूराद या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सेप्सिसमध्यें हाच वायु भलत्या प्रमाणांत सर्वत्र उत्पन्न होतो आणि रक्तदाब पाडतो. हालचालीनें होणारी त्याची निर्मिति मात्र, जेथें प्रवाह वाढला तेथल्यापुरती असते. विशेष हें कीं, यासाठीं रोग्यानें स्वतः पाय हलविलाच पाहिजे असें नाहीं. निरोगी माणसाचा पाय दुसऱ्यानें गुडघ्यांत वांकवून सरळ करीत राहिल्यास त्याच्या मांडीच्या रोहिणींतील प्रवाह वाढतो, हें अनेक प्रयोगांत दिसलें आहे. सेप्सिसच्या बेशुद्ध रोग्यांतही असेंच घडून जिभेखालच्या किंवा स्नायूंतल्या बारीक वाहिन्या सुधारतात काय, याचा शोध सध्यां लहान लहान प्रयोगांतून चालू आहे. त्यांवरून मोठा निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये. आणखी, काम करणारा स्नायु रक्तांतील साखर सहज उचलतो, ही गोष्टही अत्यवस्थ रोग्याच्या दृष्टीनें लहान नाहीं. कारण त्याच्या रक्तांत साखर सहसा वाढलेली असते.

परंतु ह्याच शास्त्रांतून धोकाही दिसतो. उभें केल्यावर पायांकडे उतरणारें तें अर्धा लिटर रक्त निरोगी मुलालाही पाडतें. मग ज्याच्या वाहिन्या झिरपत आहेत त्याचें काय? आणि कामाला लागलेला स्नायु जास्त रक्त मागतो, तें कोठून तरी आणावें लागतें. म्हणून रक्तदाबाचें औषध वाढतें नसून स्थिर असावें, प्राणवायूची गरज बेताची असावी, नाडी ठिकाणावर असावी, मग आधीं निजल्या निजल्या सांध्यांची हालचाल, नंतर खाट डोक्याकडून उचलणें, नंतर कडेला पाय सोडून बसविणें, अशा पायऱ्या ठेवलेल्या असतात. एकीवर रोगी डगमगला तर मागें यावयाचें.

हें ज्ञान असूनही अतिदक्षता विभागांत रोगी इतकीं वर्षें निपचित कां राहिला? या विभागाचा जन्मच कोपनहेगनमध्यें १९५२ सालच्या पोलिओच्या सांथींत झाला. श्वासाचे स्नायु लुळे पडलेल्या मुलांच्या कंठांत छिद्र पाडून हातानें पिशवी दाबून श्वास देण्याची युक्ति ब्यर्न इब्सेन यांनीं योजिली, आणि सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रात्रंदिवस त्या पिशव्या दाबल्या. (आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.) पुढें हातांची जागा यंत्रांनीं घेतली, आणि यंत्राशीं रोग्याची झोंबी होऊं नये म्हणून त्याला गाढ गुंगींत ठेवण्याची चाल पडली. गुंगींतला माणूस हलत नाहीं; आणि न हलणारा रोगी सांभाळावयासही सोपा. २००० सालीं शिकागोच्या वैद्यांनीं १२८ रोग्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, दररोज एकदां गुंगीचें औषध थांबवून रोग्याला जागें होऊं दिलें तर तो यंत्रापासून सुमारें अडीच दिवस लवकर सुटतो. जागृति आल्यावर हालचालीची वाट मोकळी झाली. आपल्याकडे हें काम करणारे व्यायामोपचारतज्ज्ञ तयार करणारी पहिली संस्था १९५३ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत निघाली, हेंही येथें सांगण्याजोगें आहे.

प्रत्यक्ष काम कसें चालतें याचा एक प्रसंग मीं पाहिला आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील, धंदा शेती, पायाला विळा लागला त्याकडे त्यांनीं दुर्लक्ष केलें आणि आठ दिवसांनीं त्यांना बेशुद्धावस्थेंत शहरांत आणावें लागलें. चौथ्या दिवशीं मी भेटीस गेलों असतां एक तरुण व्यायामोपचारतज्ज्ञ बाई त्यांना बसविण्याच्या तयारींत होती. आजाऱ्याची पत्नी दाराशीं येऊन कळवळून म्हणाली, "अहो ताई, कशाला छळतां त्यांना? डोळेसुद्धां उघडवत नाहींत." ती मुलगी थांबली. म्हणाली, "काकू, तुम्हांला वाईट वाटतें तें बरोबर आहे. पण असेच पडून राहिले तर पंधरा दिवसांनीं उठायला पायांत जोर उरणार नाहीं. मी पडद्याकडे बघत राहतें. आंकडा खालीं आला कीं लगेच निजवतें. तुम्ही त्यांचा हात धरा आणि नांव सांगून बोला." मग एक परिचारिका नळी सांभाळावयास, एक पाठीशीं, असे तिघे मिळून त्यांना खाटेच्या कडेला बसविलें. मान एका बाजूला कलली होती. दुसऱ्या मिनिटाला रक्तदाब उतरूं लागला आणि त्यांना पुन्हां निजवावें लागलें. त्या दिवशीं एवढेंच झालें. दुसऱ्या दिवशीं ते पांच मिनिटें बसले. मला त्या बाईच्या हातांहून तिचे डोळे अधिक लक्षांत राहिले. ते एकदांही पडद्यावरून व रोग्याच्या चेहऱ्यावरून ढळले नाहींत.

आतां पुरावा. २००७ सालीं अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी येथील एका विभागानें १०३ रोग्यांना १४४९ वेळां बसविलें, खुर्चींत नेलें किंवा चालविलें, आणि अनिष्ट प्रकार शेंकडा एकाहूनही कमी झाले. २००९ सालीं शिकागो व आयोवा येथील १०४ रोग्यांच्या प्रयोगांत, यंत्रावर असतांनाच हालचाल सुरू केलेल्यांपैकीं शेंकडा ५९ रोगी घरीं जातांना आपलें आपण करण्यासारखे झाले. इतरांपैकीं शेंकडा ३५. भ्रमाचे दिवसही चारांवरून दोनांवर आले. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांत खास सेप्सिसच्या ५० रोग्यांवर केलेल्या प्रयोगांत सहा महिन्यांनंतरची शारीरिक क्षमता लवकर व्यायाम दिलेल्यांत बरी आढळली. हें वाचून कोणी म्हणेल, मग जितकी हालचाल अधिक तितकें चांगलें! तसें नाहीं. २०२२ सालीं सहा देशांतील ४९ रुग्णालयांत ७५० रोग्यांवर केलेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमींचीच हालचाल, दिवसाला सुमारें ९ मिनिटें. दुसऱ्याला शक्य तितकी अधिक, सुमारें २१ मिनिटें. सहा महिन्यांच्या अखेरीस रुग्णालयाबाहेर जिवंतपणीं काढलेले दिवस पहिल्या गटांत १४५, दुसऱ्यांत १४३. म्हणजे लाभ कांहीं नाहीं. उलट नाडी बिघडणें, रक्तदाब उतरणें, प्राणवायु घटणें असे अपाय शेंकडा ४.१ वरून ९.२ वर गेले. तर २०२३ सालच्या शिकागोच्याच २०० रोग्यांच्या प्रयोगांत, अगदीं आरंभापासून हालचाल मिळालेल्यांपैकीं वर्षानंतर बुद्धीचा मंदपणा राहिलेले शेंकडा २४ होते, इतरांत ४३.

हे निकाल परस्परविरुद्ध दिसतात. मला ते तसे वाटत नाहींत. २०२२ च्या प्रयोगांत कोणीच निपचित ठेवलेला नव्हता. तेथें तुलना थोड्या व पुष्कळ हालचालीची होती, हालचाल व अंथरूण यांची नव्हती. क्विनाइन गुणकारी आहे म्हणून कोणी तें दुप्पट घेत नाहीं.

पालकांनीं यांतून ध्यानांत ठेवावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. ताप किंवा अंग गार पडणें, जोराचा श्वास, बरळणें अथवा गुंगी, लघवी अगदीं कमी होणें, कातडी ठिगळासारखी निळसर दिसणें, अशीं चिन्हें जखम, न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाच्या विकारांत दिसलीं तर सकाळची वाट पाहूं नये. रोगी अतिदक्षता विभागांत असेल तर वैद्यांना नम्रपणें विचारावें: यांना आज जागें करणार आहां काय? आज कितपत हलविणार आहां? स्वतः होऊन मात्र नळ्या लावलेल्या माणसाला उचलूं वा बसवूं नये. परवानगी मिळाल्यास घोटा वर-खालीं करणें, बोटें उघडणें-मिटणें एवढें शिकून घ्यावें. मुलांनाही एक काम आहे. आजोबांना आजचा वार, तारीख, घरची गाय व्याली कीं नाहीं, असें रोजचें सांगावें. त्यांचा चष्मा व कानाचें यंत्र आठवणीनें न्यावें. भ्रमांत गेलेला माणूस अशा लहान दोरांनीं परत येतो.

घरीं आल्यावरचें काम लांबचें आहे. सेप्सिसमधून उठलेल्या माणसाला जिना चढतांना धाप लागते, झोंप नीट येत नाहीं, नांवें आठवत नाहींत, आणि हें महिनोन् महिने चालतें. शेजारीपाजारी म्हणतात, आतां तर बरे झालां, मग असे कां बसून असतां? ही थट्टा करूं नये. पहिल्या आठवड्यांत खाटेपासून दारापर्यंत, पुढें ओट्यापर्यंत, मग शेजारच्या घरापर्यंत, अशी वाट थोडथोडी वाढवावी. जेवणांत डाळ, दूध, अंडीं, परवडेल तें असावें. चालतांना धापेमुळें बोलतां येईनासें झालें, एकच पोटरी सुजून दुखूं लागली, किंवा पुन्हां थंडी वाजून ताप आला, तर मात्र चालणें थांबवून त्याच दिवशीं वैद्याला दाखवावें. कारण अशा माणसाला पुन्हां जंतुसंसर्ग होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो.